बोर्डिंगातली चांदीची ढाल

दादाला चोर कोण ते ठाऊक होतं का? हे मी आईला विचारलं, आबांना विचारलं, दहाव्याला आलेल्या भटजींनाही विचारलं. राहिलात ते तुम्ही. तेव्हा आता चहा घ्या आणि माझी फजिती ऐका.

दादा कोल्हापुरात बोर्डिंगात राहून शिकत होता. कावीळ झाली म्हणून मुरगूडला घरी आला, तो वाचनालयाचं एक पुस्तक घेऊनच. मी चौथीतनं शाळा सोडलेला, म्हणून तो खाटेवर पडून मला मोठ्यानं वाचून दाखवायचा. एका बोर्डिंगातली चांदीची ढाल चोरीला जाते, चार पोरांवर आळ येतो, त्यांना हाकलून देतात. मी रंगात आलो की दादा पुस्तक मिटायचा. "उरलेलं उद्या."

"पण पोरं निर्दोष हायत न्हवं?"

"व्हय की. पण ते सिद्ध कोण करणार?"

शेवटचं प्रकरण राहिलं आणि दादा गेला.

दिवस झाल्यावर आबांनी मला बोर्डिंगातनं त्याची ट्रंक आणायला धाडलं. मी पुस्तक पिशवीत घातलं. आता माझी अक्कल बघा. मला ठाऊक असलेली पुस्तकं दोनच, एक शाळेचं आणि एक पोथी. दोन्हींत कुणी खोटं लिहीत नाही. शिवाय दादा म्हणालेला, "अगदी आमच्या बोर्डिंगासारखंच हाय." मग ते बोर्डिंग दुसरं कुठलं असणार?

फाटकातनं आत गेलो तर समोर आचारी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. पुस्तकातल्या आचाऱ्याच्याही कमरेला जुडगा होता, आणि माझा संशय पहिल्यापासून त्याच्यावरच. धरली बंडी.

"ढाल कुठं हाय?"

"कसली ढाल, पावणं? भात करपाय लागलाय, सोडा."

आरडाओरडा ऐकून सुपरिंटेंडेंट बाहेर आले. मी त्यांनाही सोडलं नाही. "चार निर्दोष पोरं काढलीसा तुम्ही."

"कुठली पोरं?"

मी चौघांची नावं घडाघडा सांगितली.

"या नावाची पोरंच नाहीत आमच्याकडं."

"असतील कशी? काढलीसा की."

हे जमलेल्या पोरांना एकदम पटलं. कुणी म्हणालं, चौघांना परत घ्या. कुणी म्हणालं, त्याशिवाय आम्ही जेवणार नाही. एक जण तर शपथ घेऊन सांगायला लागला, त्यातला एक माझ्याच खोलीत होता. साहेबांना घाम फुटला.

"पुरावा काय तुझ्याकडं?"

मी ऐटीत पुस्तक काढलं.

साहेबांनी कव्हर बघितलं, मग मला बघितलं. शेवटचं पान उघडून वाचलं आणि पायरीवरच बसले.

"तू दिनकरचा धाकटा भाऊ ना?" आवाज एकदम उतरलेला.

"व्हय."

"बाळ, ही कादंबरी आहे. रचलेली गोष्ट. आणि आचारी चोर नाही. त्या पोरांची बाजू घेऊन सगळ्यांत मोठ्यानं भांडणारा एक जण आहे बघ. तोच चोर."

सगळं बोर्डिंग माझ्याकडं बघायला लागलं. आचाऱ्यानं बंडी नीट केली.

"पावणं, आता पिशवी दावा."

मग त्यानंच मला ताट वाढलं. भात करपलेला होता. बुडाची खरवड माझ्या ताटात टाकत म्हणाला, "तुझा भाऊ ही मागून घ्यायचा." मी मान खाली घालून सगळी खाल्ली.

मुरगूडला एसटीतनं उतरलो तो घरी गेलोच नाही. ट्रंक डोक्यावर घेऊन नदीवर गेलो, जिथं दादाला पोचवलं तिथं. त्याला चोर ठाऊक नसला तर? ट्रंकेवर बसून शेवटचं प्रकरण अक्षर लावत लावत मोठ्यानं वाचून काढलं. म्हशी धुणारी माणसं धुवायची थांबून बघत राहिली.

सगळ्यांत मोठ्यानं बोंबलणारा तोच चोर, हे वाक्य आलं तिथं मात्र आवाज जरा बारीक केला.