काड्यापेट्यांचा संगणक

आमच्या घरात एकोणीस काड्यापेट्या होत्या आणि त्यातल्या एकीतही काडी नव्हती. प्रत्येकीवर कागद डकवून एकेक अक्षर लिहिलेलं. आत चिठ्ठी, चिठ्ठीवर आकडा. हा आमच्या यांचा संगणक.

यांचं नाव वामनराव. खामगावात एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर कारकून आहेत. कापसाच्या गाड्या येतात, हे वजन लिहितात. मॅट्रिक झालेले, इंग्रजी अडखळत वाचतात. मी सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकले, पण अक्षर चांगलं आहे असं बाई म्हणायच्या.

महाराष्ट्र होऊन पंचवीस वर्षं झाली त्या साली यांना रद्दीवाल्याकडे एक इंग्रजी पुस्तक सापडलं. संगणकाला आज्ञा कशा लिहून द्यायच्या, याचं. पहिली बावीस पानं फाटून गेलेली, पुढचं धड होतं. दोन महिने हे शब्दकोश घेऊन त्यावर बसले. मग एकदा जेवताना म्हणाले, "अवं, हे तर सोपं आहे. आपल्या लोकाइले कोनी सांगितलंच नाही."

म्हणून यांनी पत्रक सुरू केलं. 'संगणक ओळख', दर महिन्याच्या एक तारखेला. हे सांगायचे, मी लोखंडी टोकाच्या लेखणीने स्टेन्सिल कापायची, आणि जिनिंगच्या ऑफिसातल्या जुन्या सायक्लोस्टाइलवर प्रती निघायच्या. मॅनेजरसाहेबांची हरकत नव्हती. पत्रकात एक धडा, एक कोडं, आणि शेवटी 'कुठे काय वाचाल' म्हणून अर्धं पान: कोणत्या वाचनालयात कोणतं पुस्तक आहे, त्यातलं कोणतं पान वाचावं, अवघड इंग्रजी शब्दाचा अर्थ काय. पहिल्या अंकाला अकरा वाचक होते. वर्षभरात एकशे चाळीस झाले. शाळामास्तर, एसटीतले कंडक्टर, दुसरबीडच्या दवाखान्यातली एक नर्स, कॉलेजातली पोरं-पोरी.

धडा छापण्याआधी काड्यापेट्यांवर तपासायचा, हा यांचा नियम. चटईवर पेट्या मांडायच्या, आज्ञांचा कागद पुढे ठेवायचा. 'अ मध्ये एक ठेव. ब मध्ये अ मिळव. अ दहापेक्षा लहान असेल तर अ एकाने वाढव आणि दुसऱ्या ओळीवर जा.' यंत्र व्हायचं मी. ओळ वाचायची, चिठ्ठी बदलायची, पुढची ओळ वाचायची. एकदा मी मध्येच म्हणाले, "पंचावन्न येतात."

"तुले कोनी इचारलं? यंत्रानं डोकं चालवायचं नसते. लिहिलं तेवढंच करायचं."

"मग यात नवीन काय? लग्न झाल्यापासून तेच तर करून राह्यली मी."

हे हसले. तेव्हा आम्ही हसत होतो.

मग धामणगाव बढ्याहून उकंडरावांचं कार्ड आलं. त्यांचं भुसाराचं दुकान, पण पत्रक पाठ करून ठेवणारा माणूस. कार्डात लिहिलं होतं, 'आपल्याकडे कोणता संगणक आहे ते कळवावे. एकदा डोळ्यांनी पाहण्याची इच्छा आहे.'

ते कार्ड दोन दिवस खुंटीवरच्या तारेला लटकत राहिलं. तिसऱ्या दिवशी हे म्हणाले, "लिही. लहानसा आहे."

मी लेखणी धरून बसले. "काय लहानसा आहे?"

"लिही म्हटलं ना. मशीन नाही म्हटलं तर हा मानूस उद्या पत्रक फेकून देते. अन् त्याच्या मागं बाकीचे."

मी लिहिलं. उत्तरं माझ्याच अक्षरात जायची, म्हणजे खोटंही माझ्याच अक्षरात गेलं. त्या दिवशी संध्याकाळी देव्हाऱ्यातल्या महाराजांच्या फोटोपुढे दिवा लावला आणि हात न जोडता मागे फिरले.

पुढच्या महिन्यात उकंडराव स्वतःच दारात उभे. बाजारासाठी खामगावला आले होते. हे कामावर.

"वहिनी, कुठी ठेवली मशीन?"

"दुरुस्तीले गेली," मी म्हणाले. "मुंबईले."

"काय झालं तिले?"

संगणकाला काय होतं ते मला कुठे माहीत? आमच्या घरात बिघडणारी एकच वस्तू होती, इस्त्री. म्हणाले, "तापते."

"हाव, उन्हाळाच तसा हाय. मानसं तापून राह्यली, ती तर मशीन." चहा पिऊन, यांची तोंड भरून स्तुती करून ते गेले. पण जाताना पाच गावांना सांगत गेले. मग पत्रं सुरू झाली. मशीन आली का? मोठी आहे का? शाळेची सहल आणू का? एकाला लिहिलं दुरुस्तीला आहे, दुसऱ्याला लिहिलं विजेचा दाब पुरत नाही, तिसऱ्याला लिहिलं तिकडच्या माणसाने सुटा भाग पाठवला नाही. कोणाला काय लिहिलं हे मला लक्षात ठेवावं लागायचं. पाहुणा आला की मी आतल्या खोलीची कडी लावायची. आत काय होतं? ज्वारीची कोठी आणि काड्यापेट्या.

पत्रक बंद करा, असं मी दोनदा म्हणाले. "बंद काऊन केलं इचारतील," हे म्हणायचे. "मग काय सांगू?" खरंच होतं ते. चालू ठेवलं तर खोटं वाढत होतं, बंद केलं तर उघडं पडत होतं. हे जेवणाकडे लक्ष देईनात. धडे मात्र पूर्वीपेक्षा चांगले होत गेले, हेही सांगितलं पाहिजे.

अशात एक दिवस हेडमास्तर हिंमतराव आले. मोताळ्याकडच्या एका हायस्कुलाचे. गावाचं नाव लिहीत नाही. कोऱ्या पांढऱ्या कपड्यांत, हातात निमंत्रणपत्रिका.

"वामनराव, आमच्या शाळेले सरकारी योजनेतून संगणक भेटला. बसवणारा मानूस आला, लावून गेला, काय बोलला कोनाले समजलं नाही. उद्घाटनाले मोठे साहेब येऊन राह्यले. तुमच्याशिवाय जिल्ह्यात हाय कोन?"

"मले सुट्टी नाही भेटत, सर," हे म्हणाले.

"तुमच्या मॅनेजरले भेटूनच आलो. सुट्टी मंजूर हाय." हिंमतराव खूश होऊन माझ्याकडे वळले. "वहिनीलेही आना. साडीचोळी काढून ठेवली हाय."

पत्रिकेवर यांचं नाव छापलेलं होतं. 'संगणकतज्ज्ञ.'

बसमध्ये हे मांडीवर बोटांनी काहीतरी आपटत होते, पाठांतर करावं तसं. मी म्हणाले, "अहो, उतरल्याबरोबर सांगून टाका. चार लोकांच्या आधी, हेडमास्तरांना एकट्याला गाठून."

"सांगतो."

थांब्यावर उतरलो तर लेझीम. पोरं दोन रांगांत उभी, ढोल, हार. यांनी तोंड उघडलं आणि त्या आवाजात काय बोलले ते मलाही ऐकू आलं नाही.

शाळेच्या पटांगणात मांडव, टेबलावर संगणक. टीव्हीसारखी पेटी आणि तिच्यापुढे बटणांची फळी. पेटीला कुंकू लावलं, नारळ फोडला, चपला सगळ्यांच्या मांडवाबाहेर. साहेब मधल्या खुर्चीत. यांना पुढे बसवलं. मी बायकांमध्ये, दुसऱ्या ओळीत.

यांनी एक बोट काढलं आणि अक्षरं शोधू लागले. अक्षरं ओळीने लावलेली नव्हती, विखुरलेली होती. एक सापडायला किती वेळ! पेटीवर पांढरी अक्षरं उमटली तसा सगळ्या मांडवात "आं!" झालं. यांनी पहिली आज्ञा पुरी केली. आणि थांबले.

मला समजलं काय झालं ते. आमच्या चटईवर ओळ संपली की यंत्र आपोआप पुढे जायचं, कारण यंत्र मी होते. इथे पेटी नुसती बघत होती. आज्ञा संपली हे तिला कसं कळवायचं, ते फाटलेल्या पानांत असणार. यांनी मोकळी जागा सोडत सोडत पुढची ओळ गाठली, दुसरी आज्ञा लिहिली, मग तिसरी. पेटी गप्प. ते लिहीत राहिले. मान घामाने ओली झालेली मला मागून दिसत होती. मी महाराजांचं नाव घेत होते, आणि काय मागावं ते मला कळत नव्हतं.

मग पेटी ओरडली. "टींऽ."

यांनी परत बटण दाबलं. टींऽ. परत. टींऽ. एका आज्ञेची जागा भरून गेली होती, तिला आता काहीच घ्यायचं नव्हतं, एवढंच ती सांगत होती. पण मांडवात कोणीतरी म्हणालं, "बोलली रे बोलली!" आणि टाळ्या सुरू झाल्या. साहेबांनीही वाजवल्या. पोरं उभी राहून नाचायला लागली.

हे उठून हिंमतरावांच्या कानाशी गेले. काय म्हणाले ते यांनी मला नंतर सांगितलं: "सर, मले येत नाही हे. मी आजवर हात लावला नव्हता."

हिंमतराव लोकांकडे बघून हसतच होते. हसता हसता म्हणाले, "बसा. नुसतं हसत राहा. साहेब जाईपर्यंत नुसतं हसत राहा, वामनराव."

यांना शाल आणि नारळ दिला, मला साडीचोळी. परतीच्या बसमध्ये नारळ माझ्या मांडीवर ठेवून हे नांदुऱ्यापर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

"लोकांना सांगता आलं असतं," मी म्हणाले.

"टाळ्या वाजवून राह्यले होते ना ते," एवढंच बोलले.

आठ दिवसांनी शाळेचं पत्र. दर शनिवारी दुपारी येऊन पाच शिक्षकांना शिकवावं, मॅनेजरसाहेबांशी बोलणं झालं आहे. हेडमास्तरांना सगळं माहीत होतं, तरी पत्र आलं. गावापुढे त्यांनाही आता मागे फिरता येत नव्हतं.

त्या आठवड्यात नवीन पत्रक काढायचं होतं. हे मला धडा देऊन कामावर गेले. मी स्टेन्सिल लावलं. देवापुढे थोडा वेळ बसले. मग धडा बाजूला ठेवला आणि पानभर मोठ्या अक्षरात लिहिलं:

'आमच्या घरी संगणक नाही. कधीच नव्हता. हे धडे एका फाटक्या पुस्तकावरून तयार केले आणि काड्यापेट्यांवर तपासले. धडे खरे आहेत. दुरुस्तीची, विजेची आणि सुट्या भागाची जी पत्रं तुम्हाला गेली ती खोटी होती. पत्रं माझ्या अक्षरात होती, म्हणून हेही मीच लिहिते.'

संध्याकाळी यांनी स्टेन्सिल खिडकीच्या उजेडासमोर धरलं. शेवटपर्यंत वाचलं.

"हे काय केलं तू?"

"खोटं काही लिहिलं का?"

"लोक थुंकतील आपल्यावर."

"थुंकू द्या."

"तुले काय जाते बोलाले? नाव माझं जाते."

"दारात मी उभी राहते," मी म्हणाले. "तुम्ही कामावर असता. एक वर्ष झालं, मी दारात उभी राहून राह्यली."

यांनी स्टेन्सिल कोनाड्यात ठेवलं. जेवले, झोपले. शनिवारी सकाळी ऑफिस उघडायच्या आधी स्टेन्सिल घेऊन गेले. हँडल फिरवायला बरोबर चल, असंही म्हणाले नाहीत. एकशे चाळीस प्रती पोस्टात टाकून, दहा पिशवीत घालून, तसेच मोताळ्याच्या बसमध्ये बसले.

पुढचं यांनीच सांगितलेलं. हिंमतराव वर्गात यायच्या आधी यांनी पाचही शिक्षकांच्या हातात पत्रक दिलं. एक जण वाचून म्हणाला, "म्हंजे तुमालेही येत नाही?"

"नाही."

"मंग आमचा शनिवार काऊन वाया घातला?" दोघे-तिघे हसले. यांनाही हसू आलं, म्हणाले.

हिंमतराव आले, त्यांनी वाचलं, पत्रक चार घड्या करून खिशात टाकलं. यांनी पेटीवर पहिली आज्ञा लिहिली आणि परत तिथेच अडले. तेवढ्यात शाळेचे क्लार्क भाऊराव चहा घेऊन आले. टायपिंग येणारा तो एकच माणूस. सगळे त्या अडलेल्या ओळीकडे बघत बसलेले पाहून ते म्हणाले, "टायपायटरवर ओळ संपली का आमी दांडी ओढतो. याले दांडी नाही. हे बाजूचं मोठं बटन कायले दिलं असंन मंग?" आणि दाबलं.

पेटी पुढच्या ओळीवर गेली.

हे एक तास बसले. सातचा पाढा लिहिला. चटईवर आम्हाला त्याला अर्धा तास लागायचा. इथे वाचून होत नाही तोवर दहाही ओळी खाली उतरल्या. यांनी पुसून परत उतरवला. परत पुसला.

मग हिंमतरावांनी पेटीवर कपडा टाकला. "झालं. भाऊरावले समजलं आता. पुढच्या शनिवारी तुमाले यायची तसदी नको."

नंतर यांनी दोनदा अर्ज केला, नुसतं बसू द्या म्हणून. उत्तर नाही. खोलीला कुलूप असतं, असं कानावर आलं.

त्या महिन्यात ऐंशीच्या वर वाचक गेले. काहींनी लिहून कळवलं, चांगलं नव्हतं लिहिलेलं. उकंडरावांचं काहीच आलं नाही. तो माणूस चिडला असता तर यांना बरं वाटलं असतं. दुसरबीडच्या नर्सबाईंनी एका ओळीत लिहिलं की धडा पाठवा, मागचा सुटला आहे.

एक तारीख जवळ आली. हे सांगायला बसले, मी स्टेन्सिल लावलं. पहिली ओळ त्या बटणाची: ओळ संपली की ते दाबावं, त्याशिवाय यंत्र पुढे जात नाही.

"चित्र काढायचं का?" मी विचारलं. "केवढं असतं ते?"

यांनी चटईवर बोटाने आखून दाखवलं. मग हात फिरवून पुसलं आणि जरा मोठं आखलं. तेवढी जागा मी स्टेन्सिलवर सोडली.