बार उडवून टाकू

तो शुक्रवार अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. ओहायोतल्या एका उपनगराच्या पोलीस खात्यात मी डिटेक्टिव्ह होतो. साल २००२. न्यूयॉर्कचे मनोरे पडून वर्षही झालं नव्हतं आणि ठाण्यातला फोन दिवसभर वाजत असे. शेजाऱ्याने दाढी वाढवली, कुणी पुलाचे फोटो काढले, कुणाकडे नेहमीपेक्षा जास्त पाहुणे आले. प्रत्येक खबरीची नोंद करायची आणि प्रत्येक ठिकाणी कुणीतरी जाऊन यायचं, असा हुकूम होता. बहुतेक खबरी भीतीपोटी आलेल्या असत. पण त्यातली कुठली खरी, हे आधी कळत नाही, आणि पोलिसाची झोप तिथेच उडते.

त्या सकाळची खबर एका अपार्टमेंट कॉम्प्लेक्समधून आली. खबर देणारा उत्तर भारतीय, शिकलेला, नेमस्त माणूस. लाँड्री रूममध्ये कपडे वाळायची वाट बघत असताना त्याने एका तरुणाला फोनवर बोलताना ऐकलं होतं. भाषा पूर्ण कळली नाही, पण हिंदीच्या जवळची होती. मे महिन्यात बार उडवायचा, हॉल ठरला आहे, चारशे माणसं असतील, एवढं त्याला समजलं. त्याने ते इंग्रजीत सांगितलं आणि आमच्या नोंदीत इंग्रजीतच उतरलं. कॉम्प्लेक्ससमोर खरोखरच एक बार होता, शनिवारी रात्री उभं राहायला जागा नसे.

आमच्या दोन माणसांनी तरुणाला त्याच्या कंपनीतून आणलं. संगणकातला, वर्क व्हिसावर आलेला, वय पंचविशीचं. चौकशीच्या खोलीत त्याला हक्क वाचून दाखवले. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मला वकील पाहिजे." कायदा इथे साफ आहे. वकील मागितला की वकील येईपर्यंत प्रश्न बंद.

मग लेफ्टनंटने मला बोलावलं. मी तेराव्या वर्षी आईवडिलांबरोबर इथे आलेला. तरुणाच्या पासपोर्टवर महाराष्ट्र लिहिलेलं होतं, आणि संपूर्ण खात्यात मराठी येणारा मी एकटाच.

"जरा तुमच्या भाषेत बोल त्याच्याशी."

"त्याने वकील मागितलाय," मी म्हणालो.

"चौकशी नको करू. गप्पा मार. गप्पांना वकील लागत नाही."

मी गेलो. खोलीतली टेप चालू होती.

"जेवलास का रे?" मी विचारलं.

तो खुर्चीतच वळला. "तुम्ही मराठी?"

"हो. काका म्हण. कुठला तू?"

"नागपूरचा." त्याचे खांदे खाली आले. "काका, काय करून राहिले हे लोक? ऑफिसात सगळ्यांसमोर उचललं मला. मॅनेजर पाहत होता."

माणूस बोलता करायला दमदाटी लागत नाही. त्याची भाषा आणि जेवणाची चौकशी पुरते. हे मला नोकरीने शिकवलं होतं. मी सरळ विचारलं, "मेमध्ये काय उडवणार आहेस?"

"काय उडवणार?"

"बार. फोनवर बोललास ना?"

 तो हसला, पण ते हसू काही आनंदाचं नव्हतं. "दादाचं लग्न आहे हो. आईला म्हणत होतो, मेमध्ये मला सुट्टी आहे, हॉलही मिळतोय, तर बार उडवून टाकू."

माझे कान तापले. माझ्या लग्नाच्या वेळी आई हेच वाक्य चार वेळा बोलली होती. मी बाहेर येऊन लेफ्टनंटला सांगितलं.

"स्फोट म्हणजे लग्न?"

"तसं म्हणतातच आमच्यात."

"दोन लग्नं केली मी. दोन्ही उडाली. बरोबर म्हणतात." बाजूचे दोघे हसले. मग त्याचा आवाज बदलला. "पण हे तू सांगतोस. वरच्या दहशतवादविरोधी पथकाला मी काय सांगू? त्याच्याच गावाकडचा एक डिटेक्टिव्ह म्हणतो म्हणून सोडला? घराच्या झडतीला संमती देऊ दे, सही करू दे, लगेच सोडतो. नाही तर इमिग्रेशनला फोन करतो. बसू दे सोमवारपर्यंत."

सोमवारपर्यंत बसणं म्हणजे काय, ते इथल्या प्रत्येक व्हिसावाल्याला माहीत आहे. नोकरी जाते, नोकरीमागे व्हिसा जातो, आणि मेमधल्या लग्नाला तो एकेरी तिकिटावर जातो. मी संमतीपत्र घेऊन पुन्हा आत गेलो.

"सही कर. अर्ध्या तासाचं काम आहे."

"नाही."

"अरे, घरात काही आहे का?"

"कुकर आहे. तांदूळ आहे. रूममेटचे मोजे आहेत, ते मात्र डेंजरस आहेत."

"मग दाखवायला काय जातं?"

"काही नाही म्हणूनच दाखवायचं का? जज वॉरंट देत असेल तर उघडतो दार."

"तुझ्या भल्याचं सांगतोय, बाळा. हे तुला इथेच ठेवतील."

"ठेवू द्या." त्याने संमतीपत्र माझ्याकडे परत सरकवलं. "काका, मी लॉयर मागितला तेव्हा ते थांबले. मग तुम्ही आले. तुम्ही काका म्हणून आले का पोलीस म्हणून, एवढं फक्त सांगा."

इतक्या वर्षांत मीच दुसऱ्यांना असे प्रश्न विचारत आलो होतो. मी म्हणालो, "पोलीस म्हणून."

"मग लॉयर."

मी उठलो. बाहेर माझ्या टेबलाशी बसून टेप ऐकली आणि सगळं इंग्रजीत उतरवलं. जेवलास का रे, काका म्हण, तुझ्या भल्याचं सांगतोय, काहीही गाळलं नाही. खाली लिहिलं की संशयिताने वकील मागितल्यानंतर मी नातलगासारखं बोलून त्याची चौकशी केली, या गप्पा नव्हत्या. एक प्रत लेफ्टनंटच्या टेबलावर ठेवली आणि दुसरी त्याला न विचारता सरकारी वकिलांच्या कार्यालयात पाठवली.

लेफ्टनंटने वाचलं. मग दार लावून घेतलं.

"टेपवर काय आहे, ते तुझ्याशिवाय या इमारतीत कुणाला कळणार होतं?"

"म्हणूनच लिहिलं."

"तू कुणाच्या बाजूने आहेस?"

"ज्या राज्यघटनेची शपथ घेतली, तिच्या. तुम्हीही तीच घेतली आहे."

सरकारी वकिलांचा फोन दुपारी आला. त्या तरुणाला धरून ठेवायला कुठलाच आधार नव्हता, आणि आमच्या वागण्याने उलट खात्यालाच धोका होता. इमिग्रेशनला फोन झाला नाही. दिवस मावळायच्या आत तो मोकळा झाला. मी गाडीने घरी सोडतो म्हणालो.

"नको, रूममेट येऊन राहिला," तो म्हणाला. मग दारात थांबला. "लग्नाला बोलावत नाही हं, काका."

"नकोच बोलावू."

मला लेखी ताकीद मिळाली, आणि निवृत्तीपर्यंत मी चोरीला गेलेल्या गाड्या शोधत होतो. त्याबद्दल मला काडीचाही खेद नाही. उद्या पुन्हा तशी टेप हातात आली तर तेच लिहीन.

खेद वेगळा आहे. लोक ही गोष्ट ऐकून हसतात, वाक्प्रचाराने पोराला वाचवलं म्हणतात. तसं झालेलं नाही. वाक्प्रचारावर कुणी विश्वास ठेवला नव्हता. तो नाही म्हणाला आणि नाहीच म्हणत राहिला, म्हणून वाचला. त्याआधीच्या काही महिन्यांत मी हिंदीतून तसाच गोड बोललो होतो, कितीतरी जणांशी. एक पेट्रोल पंपावर काम करणारा होता, मला भाईसाब म्हणायचा. त्याने लगेच सही केली, वर चहाही विचारला. घरात संशयास्पद काही निघालं नाही, फक्त मुदत संपलेली कागदपत्रं निघाली. त्याला परत पाठवलं. त्याची बायको इथेच होती. तिच्या डोळ्यांत मी नंतर कधी बघितलं नाही, हिंमत झाली नाही.

आता मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मला सुरक्षिततेवर बोलायला बोलावतात, तेव्हा मी कुलपं आणि अलार्म यांवर बोलत नाही. सांगतो, पोलिसाने तुमच्या भाषेत, हसून, चहा पीत सही मागितली तरी नाही म्हणा. माझा एक जुना सहकारी यावर चिडला. म्हणाला, तू लोकांना पोलिसांविरुद्ध शिकवतोस. मी म्हणालो, विरुद्ध नाही, पोलिसांबद्दल शिकवतो. सही न देणारा माणूस मला नोकरीत एकदाच भेटला. बाकीच्यांच्या सह्या मी स्वतः घेतल्या आहेत.