राणीच्या गालावरचे तणस

दिनांक ४ नोव्हेंबर २०२४. सडक अर्जुनी तालुक्यातील एका गावी, प्रेमिला शहारे यांच्या घरामागच्या शेडमध्ये नागपूरच्या एका संस्थेचे अधिकारी आले. त्यांनी संस्थेने दिलेल्या दळणयंत्राची पाहणी केली, चहा घेतला, आणि महिनाअखेरपर्यंत मालाला एकही गिऱ्हाईक न मिळाल्यास यंत्र परत नेले जाईल, असे सांगितले. ज्या मालासाठी यंत्र दिले, त्याला त्यांनी बोटही लावले नाही. ही गोष्ट येथे तक्रार म्हणूनच नोंदवली आहे.

माल म्हणजे तणसाचा गर. धान झोडल्यावर उरलेले तणस प्रेमिलाबाई आणि त्यांच्या गटातल्या बाया धुऊन, सोड्याच्या पाण्यात उकळून, पांढरेशुभ्र करून त्या यंत्रात पुन्हा पुन्हा दळत. शेवटी त्याचे तंतू केसाच्या हजाराव्या भागाइतके बारीक होत आणि बादलीत एक नितळ, थरथरता गर उरे. संस्थेच्या भाषेत ते नॅनोसेल्युलोज. क्रीमपासून कागदापर्यंत कशातही चालणारे. गावाच्या भाषेत ती तणसाची खीर.

"खीर शिजली का वो, प्रेमिलाबाई?" असे विचारल्याशिवाय शेडवरून कोणी पुढे जात नसे. विचारणारे स्वतःच्या बांधीतले, म्हणजे धानाच्या शेतातले, तणस मात्र खुशाल पेटवून देत.

टोमण्यांचे बाईंना काही वाटत नसे. यंत्र जाण्याचे वाटे. उभा जन्म दुसऱ्यांच्या बांधीत वाकून रोवणी केलेल्या त्या बाईला ताठ उभे राहून, स्वतःच्या अकलेने करायचे काम प्रथमच मिळाले होते.

अशात गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, आली. घरोघरी पाहुणे, चौकात खेळण्यांची दुकाने, दुपारी दंडार, म्हणजे गावकऱ्यांनीच वठवलेले नाटक. दंडारीतली राणी म्हणजे हिरालाल बिसेन. वय पंचावन्न, मिशा वर्षातून याच एका दिवशी उतरत. रंगामुळे त्यांच्या तोंडाची दरवर्षी आग होई.

"वहिनी, तुमची खीर लावू का रंगाच्या खाली?" त्यांनी विचारले.

"लावा ना, भाऊजी! पहिलं गिऱ्हाईक तुमीच."

चूक झाली ती येथे. गर पातळच लावायचा, असे संस्थेने शिकवले होते. पण मंडईच्या दिवशी पाहुण्याला पातळ वाढायचे, हे त्या गावात कोणत्याही बाईच्या हातून होत नाही. त्या दिवशी वरणसुद्धा घट्ट असते. प्रेमिलाबाईंनी गर फडक्यात बांधून टांगला, पाणी निथळू दिले आणि चक्क्यासारखा झालेला तो गोळा हिरालालच्या तोंडावर सढळ हाताने थापला. त्यावर रंग चढला.

पहिल्या प्रवेशात राणी हसेना. दुसऱ्यात तिचे ओठ हलेनात. संवाद दातांतून येऊ लागले. राजा लढाईला निघाला तेव्हा राणीने हंबरडा फोडला आणि तिचा डावा गाल कानापासून सुटून हनुवटीवर लोंबू लागला.

राजा झालेला भूपेंद्र तिच्याकडे वळला. मग म्हणाला, "राणीसाहेब, मी जाऊन राहिलो तं तुमी कात टाकून राहिल्या का?"

मंडप हसून लोळला. पडद्याआड प्रेमिलाबाईंनी पदरात तोंड लपवले. यंत्र गेलेच, असे त्यांना वाटले.

हिरालालने मात्र उरलेला पापुद्रा रंगासकट कपाळापासून अलगद सोलला, राजाच्या हाती दिला आणि म्हटले, "घ्या महाराज, माहं तोंड संग न्या. लढाईत आठवन येईन."

पुन्हा हशा. प्रवेश संपताच ते आत आले. गाल स्वच्छ, ना खाज ना लाली. त्यांच्यामागून एक पाहुणी शिरली: गोंदियात ब्यूटी पार्लर चालवणारी रेणू. तिने राजाच्या हातून पापुद्रा मागून आणला होता.

"मावशी, ये क्या लगाया था? सगळा रंग निकल गया, आणि खिंचा भी नहीं!"

"चुकलं वो बाई. लई घट्ट झालं."

"अरे, घट्टच पाहिजे! ऐसा मास्क मैं बाहर से मंगाती हूँ. पहले मेरे हाथ पे लगाओ."

"हातावर कायले?" हिरालाल म्हणाले. "माहं तोंड आहे ना!"

रेणूने दोन दिवस स्वतःच्या मनगटावर लावून पाहिले, मग बरणी मागवली, मग बरण्या. महिनाअखेरीस अधिकारी टेम्पो घेऊन आले, तेव्हा शेडमध्ये बरण्यांमुळे उभे राहायला जागा नव्हती. त्यांनी बरणीत प्रथमच बोट बुडवले, हुंगले आणि टेम्पो रिकामा परत नेला. दिलगिरी व्यक्त केली नाही. त्याचीही नोंद असावी.

आता यंत्र आहे, गिऱ्हाईक आहे आणि तणस कमी पडते आहे. म्हणून वाचकांकडे मागणी एवढीच: पुढच्या कापणीनंतर बांधीला काडी लावू नका. तणस कोरडे ठेवा आणि प्रेमिलाबाईंच्या शेडवर आणून द्या.