बाळाचं रक्त

सौंसरला दवाखान्यात सिकलसेलचा दिवस असला की अर्धा दिवस बाकावरच जातो. दर महिन्याला तीच माणसं, तोच बाक. बोलता बोलता किस्से साचत गेले. हसायचे त्यात कमी आहेत.

*

माझी नात पौर्णिमा सतरा वर्षांची. तिच्या रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, मग हाडं ठणकतात. पहिल्यांदा आलो तेव्हा मोहगावचा रामाजी लेकाला, अनिलला, घेऊन बसला होता. मी त्याला विचारलं, हे किती दिवसांत बरं होते?

त्यानं सरकून जागा दिली. "बसा भाऊ. आरामात बसा."

*

मी जन्मभर संत्र्याची कलमं बांधली. खुंटाचं जंबेरीचं रोप पारखल्याशिवाय त्यावर संत्र्याचा डोळा बसवला नाही. दवाखान्यातल्या मंगलाताई रक्त तपासतात आणि समजावून सांगतात. त्यांनी विचारलं, मुलाचं लग्न जमवताना दोघांचं रक्त तपासलं होतं का? मी म्हटलं, घर पाहिलं, पोरीचा स्वभाव पाहिला.

रामाजी म्हणाला, "म्हणजे झाडाचं पाहिलं, माणसाचं राहून गेलं."

खरंच होतं. हा आजार आईबाप दोघांकडून येतो. घरी मात्र बोल लागले एकट्या सुनेला, वंदनाला. माझ्या घरचीही बोलायची. मी ऐकून गप्प राहिलो.

*

एकदा ताईंनी सांगितलं, पोटातल्या बाळाचं रक्त वेगळं असते, ते वाकत नाही. जन्मल्यावर काही महिन्यांत शरीरातला एक चौकीदार ते बनवणारा जीन बंद करतो. त्या चौकीदारालाही जोर लागतो. तो जोर डीएनएचा एक तुकडा देतो, त्याला एन्हान्सर म्हणतात.

"मंग त्या चौकीदारालेच काढून टाका ना," रामाजी म्हणाला.

तसं चालत नाही, ताई म्हणाल्या, तो बाकी शरीरात कामाचा आहे. हा तुकडा फक्त रक्तात त्याला जोर देतो, म्हणून तेवढाच कापायचा. मग बाळाचं रक्त पुन्हा सुरू होते.

"हाव, म्हणजे नोकरी राहू द्यायची, आपल्याकडची ड्यूटी काढायची."

त्या दिवशी सगळा बाक हसला.

*

मी विचारलं, तो तुकडा चौकीदारापासून लांब असते म्हणता, मग जोर पोचते कसा? ताईंनी माझ्या खिशातली कलम बांधायची पट्टी मागितली. दोन टोकांना दोन गाठी मारल्या, एक तुकड्याची, एक चौकीदाराची, आणि पट्टी दुमडली. गाठ गाठीला टेकली.

"डीएनए असा वळते, बाबा."

इतकी वर्षं पट्टी हातात होती, अशी दुमडून कधी पाहिली नव्हती.

*

हा इलाज कुठं कुठं सुरू झाला म्हणतात. आपल्याकडे कधी येईल, ताईंनाही माहीत नाही. अनिल म्हणाला, नाव तर लिहून ठेवा. ताईंनी रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहिलं. खाली पौर्णिमाचं.

पोळ्यानंतर अनिल गेला. पुढच्या महिन्यात रामाजी उरलेल्या गोळ्या परत द्यायला आला. ताईंनी मागचं पान उघडलं, पेन हातातच राहिला.

"खोडू नका ताई," तो पौर्णिमाकडे पाहत म्हणाला. "त्याचा नंबर या पोरीले द्या."

*

गेल्या थंडीत पौर्णिमाला पुन्हा कळ उठली. वंदना गरम पाण्याच्या पिशवीनं तिचे पाय शेकत होती आणि डोळे पुसत होती. आपल्यामुळेच पोरीला हे भोगावं लागते, एवढंच पुटपुटत होती. मी दारात उभा होतो.

"आई, बाळाचं रक्त वाकत नाही, हे तुले माहीत आहे का?" पौर्णिमा म्हणाली.

वंदना पिशवी फिरवत राहिली.

"म्हणजे तुह्या पोटात होती तोवर मले काहीच दुखलं नाही."

वंदना पाणी गरम करायला म्हणून उठली. पिशवी पौर्णिमाच्या पायावरच राहिली. मी हात लावून पाहिला, चांगली गरम होती.