फादर आणि सात कुलपं

आमच्या फादरांइतका हट्टी माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. माजिवड्याला चर्चच्या मागे दोन खोल्यांत त्यांचं कॅथलिक केंद्र चालतं. वस्त्यांमध्ये हिंडून माहिती जमवायची, अहवाल लिहायचा आणि तो घेऊन गरिबांसाठी सरकारदरबारी खेटे घालायचे, हे तिथलं काम. शाळेतून निवृत्त झाल्यावर अहवालांचं मराठी तपासायला मी डोंबिवलीहून तिथे जाऊ लागले आणि पहिल्याच दिवशी भांडून परत आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, कारण भांडण अर्धं राहिलं होतं.

फादर मूळचे वसईचे. झोळीत फॉर्म कमी, सुकेळी, म्हणजे तिकडची वाळवलेली केळी, जास्त. कुणाच्याही घरी आधी सुकेळं पुढे करणार, मग फतकल मारून चहा पिणार, आणि पहिला प्रश्न विचारेपर्यंत दुपार. बाईच्या कामधंद्याच्या रकान्यात 'काही नाही' दिसलं की फॉर्म परत. "ती पहाटेपासून काय करते, विचारून या." मी एकदा चिडून दोन पानं भरून आणली, तर म्हणाले, "आणि पाणी कोण भरतं, बाई?"

पण खरा छळ पुढेच. सरकारी साहेबापुढे ठेवण्याआधी प्रत्येक अहवाल त्या वस्तीत मोठ्यानं वाचून दाखवायचा, हा त्यांचा नेम. वेळ फुकट जातो म्हणून मी कुरकुरायची. "ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना आधी कळायला नको?" एवढंच उत्तर.

शहाडजवळच्या नदीकाठच्या वस्तीला उठवायची नोटीस आली. आमची यादी धरून पर्यायी घरं द्यायचं साहेबांनी कबूल केलं होतं. यादी सोमवारी द्यायची होती. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून फादर तिथल्या मारुतीपुढे उभे राहिले आणि एकेक नाव वाचू लागले. मी जांभया देत होते. यादी संपली तशी सुशीला उठली. कल्याणला चार घरची धुणीभांडी करणारी बाई.

"माझं नाव कुठाय, फादर? मी काय हवेत राहते?"

 तिच्या दाराला आमच्या तिन्ही खेपांना कुलूप दिसलं, म्हणून फॉर्मवर 'बंद घर' असा शेरा होता. यादी नीटनेटकी दिसावी म्हणून अशी सात घरं मीच गाळली होती, कुणालाही न विचारता.

फादरांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग सगळ्यांदेखत हात जोडून म्हणाले, "चूक आमची झाली."

रविवार, म्हणून कामावरची माणसं घरी होती. संध्याकाळपर्यंत आम्ही सातही दारांत बसलो. सोमवारी पुरी यादी गेली.

यंदा सुशीलाला आणि बाकीच्यांना घरं मिळाली, आणि त्याच महिन्यात फादरांची बदली झाली. निरोपाच्या दिवशी मी धीर करून म्हटलं, "फादर, ती सात घरं मी..."

"मिळाली ना सगळ्यांना?"

"मिळाली."

"मग झालं तर," म्हणाले, आणि रिक्षात बसले.

आता नवे फादर आलेत. शहाणे आहेत, माझं सगळं ऐकतात. मला मात्र तिथे भांडायला कुणी उरलेलं नाही.