जोर कुठं पडतो

पालमला माझा फोटो स्टुडिओ आहे. पाटीवरचा ‘फोटोग्राफी’ हा शब्द मी आयुष्यभर सपाट वाचत आलो. परवा कॉलेजातल्या लेकीनं तो टाळ्या वाजवत फोडून दाखवला: फ-टॉ-ग्र-फी, जोर ‘टॉ’वर. नुसतं ‘फोटोग्राफ’ म्हटलं की तोच जोर ‘फो’वर.

“एका जागी बसायला काय होतं त्याला?” मी चिडलो. पण चटकच लागली. ‘युनिव्हर्सिटी’, ‘एक्झामिनेशन’, जे आठवेल त्याला टाळ्या वाजवत बसलो. मग विचारलं, “आपल्या मराठीत कुठं असतो गं जोर?”

तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायकोची तिसरी हाक आली, “जेवायला येताव का?”

लेक ताडकन उठली. “पप्पा, चला. जोर ‘का’वर हाय.”