मुलुंडचं भाड्याचं माहेर

मुंबईत कामासाठी जायचं आणि भावाच्या घरी उतरायचं नाही, असं आमच्या कणकवलीत कुणाला सांगितलं की समोरचा माणूस आधी आपल्याकडे बघतो आणि मग आवाज खाली आणून विचारतो, "भांडण झालं काय?" मला बऱ्याच जणांनी विचारलं. शेवटच्याला मी म्हटलं, "झालं. तुम्ही सोडवायला येता?" शाळेत मास्तरकी करण्यात जन्म गेला, त्यामुळे माझी जीभ जरा तिखटच आहे.

भांडण झालं नव्हतं. ह्यांच्या डोळ्याचा पडदा सरकला होता आणि मुलुंडच्या एका इस्पितळात ऑपरेशन ठरलं होतं. नंतर आठवडाभर पालथं झोपायचं आणि बसताना मान खालीच ठेवायची, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच नवरा मान खाली घालून बसणार म्हणून मैत्रिणींनी माझं अभिनंदनसुद्धा केलं. हॉटेलात राहायचं तर दोन्ही वेळचं तेलकट जेवण, आणि ह्यांना साखरेचा त्रास. शेवटी ओळखीच्या एकांनी सर्व्हिस अपार्टमेंट सुचवलं. म्हणजे दिवसांच्या हिशेबाने मिळणारा सजवलेला फ्लॅट. गॅस, फ्रिज, कपडे धुवायचं मशीन सगळं असतं, केर-लादीला बाई येते, आणि आपलं आपण रांधून खायचं.

पण मुलुंडच्या जवळच विक्रोळीला माझा सख्खा थोरला भाऊ राहतो. कारखान्यातून निवृत्त झाला, चाळीत एक खोली आणि स्वयंपाकघर. त्या खोलीत आमच्या गावचं कोण उतरलं नाही ते विचारा. इंटरव्ह्यूला आलेले, मुलगी बघायला आलेले, नुसतेच राणीची बाग बघायला आलेले. आईचं शेवटचं आजारपणही तिथेच काढलं. आई-बाबा गेले, गावच्या घराला कुलूप लागलं, तेव्हापासून विक्रोळीची ती खोली हेच माझं माहेर.

मग तिथे का नाही उतरले? कारण भावाच्या मुलाचं लग्न होऊन जेमतेम दीड-दोन महिने झाले होते. एका खोलीत नवं जोडपं, त्यात सासू-सासरे, त्यात आम्ही दोघं, आणि त्यातला एक पालथा! पण हे कारण भावाला सांगता येत नाही. आमच्याकडे असल्या गोष्टी सगळ्यांना ठाऊक असतात आणि कुणी बोलायच्या नसतात. म्हणून मी फोनवर आपलं शहाणपणाने म्हटलं, "डॉक्टरांनी ह्यांना धुळीपासून लांब ठेवायला सांगितलंय रे."

"म्हणजे माझ्या घरी धूळ?" दादा म्हणाला, आणि फोन ठेवला.

झालं. करायला गेले एक आणि झालं भलतंच. भाऊ रागावला तर रागावू दे, त्याची समजूत काढता येते. पण एकदा का बहीण दुसरीकडे उतरायला लागली, की पुढच्या खेपेला तिला कुणी बोलवत नाही आणि तीही विचारत नाही. मी अशी माहेरं तुटलेली पाहिली आहेत. भांडून नाही तुटत ती, अशीच मानापानात सुकून जातात. मला भीती होती ती त्याची.

ऑपरेशनच्या दिवशी दादा आला. सकाळपासून इस्पितळाच्या बाकावर बसला, पळापळ केली, औषधं आणली. माझ्याशी मात्र एक शब्द नाही. ह्यांच्या डोळ्यावर पट्टी, मान खाली, आणि त्यांना हा सांगतोय, "भावोजी, तिला म्हणावं चहा घेऊन ये खालून, सकाळपासून काय खाल्लेलं दिसत नाय." मी समोर उभी! ह्यांनी जमिनीकडे बघत मला निरोप दिला. मग मीही ह्यांनाच म्हटलं, "त्याला म्हणावं, तूही चल." दादा आला नाही. फ्लॅटच्या दारापर्यंत आम्हाला सोडलं आणि आत पाऊल न टाकता परत गेला.

फ्लॅट छान होता, नाही कशाला म्हणू? दोन बेडरूम होत्या, एक आमची आणि एक नुसतीच बंद. पण ते घर मांडणाऱ्याने आयुष्यात कधी भाकरी केलेली नसावी. कॉफीचं मशीन होतं, लाटणं नव्हतं. वाइनचे ग्लास होते, खोबरं किसायला काही नाही. सुरी अशी की टोमॅटोसुद्धा तिला हसेल. भिंतीवर इंग्रजीत 'होम' असं लिहिलेली पाटी. मी पहिल्याच दिवशी ती उलटी करून ठेवली.

दोन दिवसांनी भर दुपारी वहिनी आली. एकटीच, हातात मोठी पिशवी. पेजेचा डबा, बांगड्याचं तिखलं, वर सोलकढीची बाटली.

"काय गो बाय, जावय कसे आसत?" म्हणत ती सोफ्याच्या अगदी कडेला टेकली. मी पाणी पुढे केलं तर म्हणाली, "नको. भाड्याच्या घरातला पाणी माका पचायचा नाय." हसून म्हणाली, पण ग्लासाला हात लावला नाही. मला अस्सं लागलं ते! उत्तर जिभेवर आलं होतं, तेवढ्यात आतून ह्यांनी पाणी मागितलं म्हणून वाचलं. वहिनीला म्हटलं, "घर तरी बघ, मी चहा ठेवते."

चहा घेऊन आले तर हॉलमध्ये वहिनी नाही. बंद बेडरूमचं दार लावलेलं. ढकललं तर आतून कडी.

"वैनी?"

मी घाबरले. पुन्हा हाक मारली तेव्हा आतून बारीक आवाज आला, "उघडतंय गो. जरा थांब."

मी चहाचे कप घेऊन तशीच दाराबाहेर उभी राहिले. बऱ्याच वेळाने कडी निघाली. वहिनी पलंगावर जाऊन बसली. डोळे पुसलेले दिसत होते.

"काय झालं?"

"काय्येक नाय. कडी लावून बघितली." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "लग्न होऊन विक्रोळीला आले, तेव्हापासून मोरी सोडली तर दाराला आतून कडी लावून एकटी कधी बसले नाय गो मी. कसं वाटतं ते बघितलं."

चाळीत दिवसभर दार उघडं असतं. दुपारी दार लोटलं तरी शेजारीण विचारते, बरं नाही का? रात्री कडी लागते ती सगळे आत असताना. मी त्या घरात इतक्या वेळा राहिले, ऐटीत माहेरपण करून आले, आणि हे कधी माझ्या मनात आलं नव्हतं. मला वहिनीची इतकी माया आली की मी तिच्या शेजारी बसून खरं काय ते सांगून टाकलं. धूळबीळ काही नाही. पोरांचं नवं लग्न, त्यांच्या पायात कशाला यायचं, म्हणून नाही आले.

"माका काय कळणा नाय?" वहिनी म्हणाली. "तू घर घेतलंस म्हणून कळलं, तेव्हा मनातल्या मनात मी देवाक नारळ बोलले. आणि मग दिवसभर जेवण गेलं नाय. नंदेने येऊ नये असं वाटतंय, म्हणजे मी कसली वैनी?" तिला रडूच आलं. "तुझा दादा गॅलरीत झोपतो. वाऱ्याला बरं वाटतं म्हणून सांगतो सगळ्यांना. कंबर धरलीय त्याची. मी ओट्याखाली. आणि ती सून आमच्यामुळे बिचारी बांगडी पण वाजू देत नाय."

मी म्हटलं, "तुम्ही दोघं इथे या. ही खोली रिकामीच आहे."

"तो येतलो? बहिणीच्या जिवावर राहायला? खुळी काय तू?"

बरोबरच होतं. दादाला 'ये, आराम कर' म्हणून बोलावलं असतं तर तो जन्मात आला नसता. आमच्या माणसांना सुख द्यायचं तर त्याला कामाचं नाव द्यावं लागतं. मी ह्यांच्याकडे गेले आणि सांगितलं, की तुम्हाला उठता-बसता येत नाही. हे म्हणाले, "मला तर येतंय." मी म्हटलं, "येत नाही!" ह्यांनी खाली घातलेली मान आणखी खाली घातली. मग दादाला फोन लावला. ह्यांना आधाराला पुरुष माणूस लागतो, मला एकटीला झेपत नाही, वहिनीलाही ठेवून घेते.

"आणि हे आत्ता सांगतेस?" दादा ओरडला. "दोन दिवस काय करत होतीस? अक्कल आहे का तुला?"

इतक्या दिवसांनी तो थेट माझ्याशी बोलला होता. मला शिव्या गोड लागल्या. दिवेलागणीला दादा लुंगी, टॉवेल आणि कमरेचा पट्टा घेऊन हजर. हे इतके कण्हले की मलाच डोळे वटारावे लागले.

दुसऱ्या दिवशी वहिनी उन्हं वर आली तरी बाहेर आली नाही. दादा उठून बाहेर आल्यावर तिने आतून कडी लावून घेतली होती. दादा दार वाजवायला निघाला तर मी त्याला अडवलं. आम्ही दोघं बाल्कनीत चहा घेत बसलो.

"पलंग झकास आहे यार," तो म्हणाला. मग खाली रस्त्याकडे बघत म्हणाला, "गॅलरीत काय होतं, पहाटे पाणी भरायला उठतात ना लोक, ठेचकाळतात अंगावर. पण पोरगी नवीन आहे. तिला अवघडल्यासारखं नको." आणि मग, "धूळ नव्हती ना गं कारण?"

"नव्हती रे."

"मग ठीक आहे," दादा म्हणाला आणि त्याने माझ्या कपात स्वतःचा उरलेला चहा ओतला, लहानपणी ओतायचा तसा.

त्यानंतर त्या फ्लॅटचा ताबा दादाकडे गेला. बाजारातून विळी आली, लाटणं आलं, मुलुंडच्या मंडईतल्या भाजीवाल्यांशी ओळखी झाल्या. सून विक्रोळीहून डबे पाठवायला लागली, एकदा तर नवरा-बायको दोघं स्वतः घेऊन आले, हसत, नवे कपडे घालून, आणि जेवायला थांबा म्हटलं तर घाईने निघून गेले. केअरटेकरने नवीन माणसं कोण म्हणून विचारलं तेव्हा दादा त्याला छाती काढून सांगत होता, "मेरी बहन है. गाव से आयी है, हमारे पास." भाडं मी भरत होते! पण मी ओट्याशी भांडी घासायला उभी राहिले की हा माझ्या हातातून घासणी काढून घ्यायचा. "बस गं. माहेरी आलेल्या बायका भांडी घासतात काय?"

डॉक्टरांनी ह्यांची मान वर करायला परवानगी दिली आणि निघायचा दिवस आला. सामान खाली गेलं. केअरटेकर चावीसाठी दारात ताटकळत होता. वहिनीने त्याला तसाच उभा ठेवला आणि मला हॉलमध्ये पाटाऐवजी सोफ्यावर बसवलं. हळदकुंकू लावलं, पदरात नारळ, खण आणि तांदूळ घालून ओटी भरली. मी दोघांच्या पाया पडले.

आमच्यात ओटीतले चार दाणे माघारी द्यायची रीत आहे. माहेर भरलेलं राहावं म्हणून माहेरच्या तांदळाच्या डब्यात ते टाकायचे. मी सवयीने दाणे चिमटीत घेतले, ओट्याकडे गेले, आणि थबकले. डबा पुसून रिकामा केला होता. आम्ही गेल्यावर बाई येऊन सगळं झाडून नेणार होती. हे घर ना माझं, ना दादाचं. दाणे कुठे ठेवायचे, मला कळेना.

वहिनी माझ्यामागे येऊन उभी राहिली होती. तिने पदर पुढे केला. मी दाणे त्यात टाकले. तिने गाठ मारली, कमरेला खोचली आणि मला जवळ घेतलं. केअरटेकर बघत होता तरी मी मोठ्याने रडले, सासरी जाताना रडावं तशी.